वाचायला वेळ लागणाऱ्या मुलांसाठी नोकरीची वाट : पणजीतील एका मार्गदर्शन सेवेविषयी

पणजीत एक संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शनाची सेवा चालवते, आणि ही सेवा केवळ डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्ग्राफिया (लेखनाची) आणि डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांची) यांसारख्या अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे. माझ्या मुलाने बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी ती घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण तिथे येणारी मुले मोजकी आहेत, गोवा लहान आहे आणि संस्था ओळखली गेली की मुलेही ओळखली जातात. शिवाय पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत. त्या मी संस्थेला लेखी कळवलेल्या आहेत आणि त्यांचा निकाल तिथेच लागावा असे मला वाटते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना कोणत्याही ठिकाणची अशी सेवा पारखता यावी, हा या परीक्षणाचा हेतू आहे.

सेवेचे स्वरूप साधे आहे. सहा महिने, आठवड्यातून एकदा एक तास एका मार्गदर्शकाबरोबर, आणि महिन्यातून एकदा सगळ्या मुलांचे एकत्र सत्र. शुल्क 9,000 रुपये, ते दोन हप्त्यांत भरता येते. माझा मुलगा ज्यांच्याकडे होता त्या मॅडम अनेक वर्षे शाळेत विशेष शिक्षिका होत्या, आणि मुलाखतीचा सराव बँकेतून निवृत्त झालेले एक सर घेत. माझे मत आधीच सांगते. ही सेवा घेण्याजोगी आहे, मात्र ती पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी घ्यावी, आणि तिथली अभिरुची चाचणी, म्हणजे मुलाची आवड आणि कल शोधणारी चाचणी, ज्या पद्धतीने घेतली जाते त्या पद्धतीने मुळीच मान्य करू नये. आपली अडचण आजाराच्या नावाने न सांगता कामाच्या भाषेत कशी सांगावी हे ती मुलाला शिकवते, आणि यातच तिचे खरे बळ आहे.

मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या भागातील मुलांची शिक्षणाची वाट मला जवळून ठाऊक आहे. घरी कोकणी, पहिली ते चौथी मराठी शाळा, आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम. ज्या मुलाला अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायलाच इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, त्याची देवनागरी हाताशी येते न येते तोच लिपी बदलते. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे अडवतात, पण अक्षर एकदा ओळखले की त्याचा उच्चार बहुधा ठरलेला असतो. इंग्रजीत तेच अक्षर शब्दागणिक वेगळे वागते. परिणामी पाचवी-सहावीत गुण घसरले की घरचे आणि शाळेतलेही म्हणतात, माध्यम बदलले ना, सरावाने सुधारेल, आणि निदान दोन-चार वर्षे लांबते. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा डिस्लेक्सिया तपासण्याचा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार केला, तो 2015 मध्ये उपलब्ध झाला. म्हणजे मराठीतून तपासणी करण्याचे साधन आता आहे, परंतु तालुक्याच्या शाळेपर्यंत त्याची माहिती पोहोचलेली दिसत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की मॅडमनी पहिल्याच भेटीत मुलाला दोन उतारे मोठ्याने वाचायला दिले, एक मराठी आणि एक इंग्रजी. दोन्हींत तो कुठे थांबतो, कुठली ओळ सुटते, कुठे अंदाजाने शब्द भरतो हे त्यांनी टिपून घेतले. नंतर तोच मजकूर स्वतः वाचून दाखवला आणि त्यावर प्रश्न विचारले, तेव्हा त्याने सगळी उत्तरे बरोबर दिली. त्याला समजायला वेळ लागत नाही, लागतो तो वाचायला, ही गोष्ट त्या अर्ध्या तासात त्याच्यासमोर स्पष्टपणे मांडली गेली. पुढचे सगळे नियोजन त्यावर उभे राहिले. गुणपत्रिका त्यांनी शेवटी पाहिली, आणि हा क्रम मला योग्य वाटला.

यानंतर त्यांनी कागदपत्रे मागितली, आणि इथे या सेवेचा फार मोठा उपयोग झाला. दहावीच्या परीक्षेत सवलत मिळवण्यासाठी काढलेले प्रमाणपत्र पुरेसे आहे, असा बहुतेक पालकांचा समज असतो. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणनाविषयी केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार आठ वर्षांनंतर प्रमाणपत्र मिळू शकते, ते चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते, आणि अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र कायमचे धरले जाते. आमचे प्रमाणपत्र दहावीच्या वेळचे होते. आमच्या गटातील बाकीच्या मुलांपैकीही अनेकांची हीच स्थिती होती. मॅडमनी प्रत्येकाकडून केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरून घेतला आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी जाताना कोणते जुने अहवाल सोबत न्यायचे याची यादी हातात दिली. नोकरीच्या अर्जाची मुदत उद्यावर आल्यावर हे काम होत नाही. त्याला महिने लागू शकतात. शेवटच्या वर्षी ही सेवा घेणे उशिराचे आहे असे मी म्हणते ते प्रामुख्याने यामुळेच.

बायोडेटा तयार करण्याचे सत्र मी जवळून पाहिले, कारण त्या दिवशी पालकांनाही बोलावले होते. मुलाने आधी महाजालावरचा एक नमुना घेऊन त्यात आपली माहिती भरली होती. मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला, असे सगळे त्यात होते. मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “घरात असे कोणते काम आहे, जे तू नसलास तर अडते?” तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “चवथीची माटोळी.” आमच्या घरी गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचे सगळे साहित्य गेली काही वर्षे तोच जमवतो. नारळाचे घोस कुणाच्या कुळागरातून आणायचे, आंबाडे, तोरंजन आणि कवंडळ कुणाकडे मिळते, कोणती वस्तू आदल्या दिवशी आणली तरच ताजी राहते आणि कोणती आठवडाभर आधी सांगून ठेवावी लागते, बाजारात भाव चढण्याआधी कुणाशी बोलणी करायची, हे त्याला तोंडपाठ असते. आता वाड्यावरची आणखी काही घरेही त्यालाच सांगतात. मॅडम प्रश्न विचारत गेल्या आणि फळ्यावर लिहीत गेल्या : हंगामी मालाची खरेदी, पुरवठादारांशी संपर्क, नाशवंत मालाचे वेळापत्रक, अनेक घरांचा हिशेब. बायोडेटात हे सगळे आले, साध्या शब्दांत, आणि त्यातले एक अक्षरही फुगवलेले नव्हते. इतकी वर्षे ज्याला त्याचे चुकलेले शुद्धलेखनच दाखवले गेले, त्या मुलाला आपल्या हातचे काम फळ्यावर लिहिलेले दिसले. आई म्हणून मला त्या क्षणी जे वाटले ते बाजूला ठेवते. शिक्षिका म्हणूनही मला ही पद्धत पूर्णपणे पटली. खरेदी, साठा आणि पुरवठा या क्षेत्राकडे पाहावे, हा निष्कर्ष त्या सत्रातून निघाला.

कामाच्या सरावातही असाच नेमकेपणा होता. सर गोदामातील वरिष्ठाची भूमिका घेत आणि एका दमात पाच सूचना देत : अमुक चलन घे, तमुक पेट्या मोज, तुटलेल्या बाजूला काढ, गाडीचा नंबर लिही, आणि मग फाटकावर फोन कर. मुलाची हमखास तिसरी किंवा चौथी सूचना सुटे. सरांनी त्याला लक्ष दे असे एकदाही सांगितले नाही. त्यांनी त्याला तीन गोष्टी करायला लावल्या. सूचना संपताच ती आपल्या शब्दांत परत म्हणायची, म्हणजे सांगणाऱ्यालाही चूक लगेच कळते. खिशातल्या वहीत पूर्ण वाक्ये न लिहिता चिन्हे काढायची : पेटीसाठी चौकोन, फोनसाठी गोल. आणि सूचना लांब असेल तर, “ही मला व्हॉट्सअॅपवर पाठवाल का?” असे संकोच न बाळगता विचारायचे. संदेश लिखित आला की फोन तो वाचून दाखवू शकतो. गुगल डॉक्समध्ये मराठीतून बोलून मजकूर टाइप करता येतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या इमर्सिव्ह रीडरमध्ये मजकूर मोठ्याने ऐकता येतो, ओळींमधले अंतर वाढवता येते. या दोन्हींचा सराव त्याच तासांत करून घेतला गेला. दोन्ही साधनांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

मुलाखतीत आपली अक्षमता सांगावी की नाही, सांगावी तर कधी सांगावी, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी ‘आत्मविश्वास ठेवा’ एवढेच उत्तर मिळते. इथे त्याची पुरेशी चर्चा झाली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. नोकरीत भेदभाव न करण्याचे आणि वाजवी सोय करून देण्याचे त्यातील विसावे कलम सरकारी आस्थापनांना थेट बांधते. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणती पदे योग्य आहेत व कोणत्या सोयी दिल्या जातील हेही नमूद करावे लागते. मॅडमनी मुलांना हे समजावले, परंतु लहान गोदामाचा मालक कायदा वाचून बसलेला नसतो हेही सांगितले. म्हणून त्याच्याशी बोलताना “मला डिस्लेक्सिया आहे” या वाक्याने सुरुवात करू नये, कारण ते ऐकणारा आपल्या मनातले काहीही त्यात भरतो. त्याऐवजी, “मला लांबलचक मजकूर वाचायला वेळ लागतो, सूचना तोंडी आणि थोडक्यात मिळाल्या तर माझे काम चुकत नाही,” असे म्हणावे. कुणी कारण विचारले तर मग नावही सांगावे, लपवू नये. प्रत्येक मुलाने आपापले असे एक वाक्य तयार केले, आणि ते सहज तोंडात येईपर्यंत सरांनी त्याचा सराव घेतला.

आमच्याकडे सरकारी नोकरी म्हणजेच नोकरी, ही समजूत घट्ट आहे, आणि पालकांचे बहुतेक प्रश्न त्याविषयीच होते. त्यांना दिलेली माहिती मला अचूक आणि संयत वाटली. सरकारी पदांत दिव्यांगांसाठी 4 टक्के आरक्षण आहे, पण त्यातील केवळ 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता या सगळ्यांना मिळून आहे, आणि त्यासाठी किमान 40 टक्के अक्षमता प्रमाणित व्हावी लागते. उच्च शिक्षणात मात्र हे प्रमाण 5 टक्के जागांचे आहे, तेव्हा पुढे शिकण्याचा पर्याय विचारात घेतला पाहिजे. परीक्षेत लेखनिक आणि ताशी किमान 20 मिनिटे वाढीव वेळ या सवलती ऑगस्ट 2018 च्या परीक्षाविषयक सूचनांनी 40 टक्के वा अधिक अक्षमता असलेल्यांपुरत्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, लेखनिक नाकारल्या गेलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर, ऑगस्ट 2022 च्या सूचनांनी, 40 टक्क्यांपेक्षा कमी अक्षमता असली तरी लिहिण्यात अडचण असल्याचे प्रमाणपत्र असलेल्यांनाही त्यांची दारे उघडली. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये, नीट परीक्षेत वाढीव वेळ नाकारल्या गेलेल्या, डिस्ग्राफिया असलेल्या अवनी प्रकाश या विद्यार्थिनीच्या खटल्यातही न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला धारेवर धरले होते. अर्ज भरतानाच त्या रकान्यात खूण केली नाही तर परीक्षेच्या दिवशी ही सवलत मागता येत नाही, हे सरांनी पुन्हा पुन्हा बजावले. गोव्यात कारकुनी पदांसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांची ही जमेची बाजू आहे, हेही त्यांनी लक्षात आणून दिले.

आता तक्रारी. सर्वांत गंभीर तक्रार अभिरुची चाचणीविषयी आहे. दुसऱ्या आठवड्यात मुलांना इंग्रजीतील छापील प्रश्नसंच दिला जातो, त्यात लांब लांब विधाने असतात, आणि वेळ ठरलेली असते. ज्या मुलांचे वाचन मंद आहे हे संस्थेलाच पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्यांची आवड आणि कल शोधण्यासाठी वेळ लावून वाचायला लावणे हे मला कोणत्याही अर्थाने समर्थनीय वाटत नाही. माझ्या मुलाचे शेवटचे काही प्रश्न कोरेच राहिले. अहवालात मात्र, निर्णय घेण्यात त्याला मदतीची गरज आहे आणि पुनरावृत्तीची साधी कामे त्याला योग्य ठरतील, असे छापून आले. ज्या मुलाकडून माटोळीसाठी दहा ठिकाणची बोलणी ऐकून त्याच मॅडमनी खरेदीचे क्षेत्र सुचवले, त्याच्याविषयी हा अहवाल आहे. मॅडमनी स्वतः तो अहवाल फारसा मनावर घेतला नाही, हे आमचे भाग्य. पण अहवाल फाइलमध्ये राहतो, आणि दुसऱ्या एखाद्या घरी तोच प्रमाण मानला गेला असेल. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत, ते मराठी आणि कोकणीतही असावेत, वेळेची मर्यादा काढावी, आणि कोरे प्रश्न कोरे म्हणूनच मोजावेत, एवढी मागणी मी केली आहे. परीक्षेत लेखनिकाचा हक्क शिकवणाऱ्या संस्थेने आपल्या चाचणीत वाचक देऊ नये, ही विसंगती तिने तातडीने दूर केली पाहिजे.

दुसरी तक्रार भाषेची. वैयक्तिक तासांत मॅडम कोकणी-मराठीत मोकळेपणाने बोलतात, पण सारे छापील साहित्य आणि पालकसभा इंग्रजीत असतात. सत्तरीहून आलेल्या एक बाई सभा संपेपर्यंत एकही शब्द बोलल्या नाहीत, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला यूडीआयडीविषयी पहिल्यापासून सगळे विचारले. नेमकी हीच माहिती त्या तासाभरात आत दिली गेली होती. शिवाय सत्रे कामाच्या दिवशी संध्याकाळी असतात. पेडणे, सत्तरी, काणकोण इथल्या मुलांना घरी परतायच्या बसची चिंता तास संपण्याआधीच सुरू होते. महिन्यातले एखादे सत्र फोंड्याला किंवा म्हापशाला घेणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नोकरी लागली की सेवा संपते. माझा मुलगा आता डिचोली औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात साठा विभागात साहाय्यक आहे, आणि पहिल्या महिन्यातच तिथली संगणक प्रणाली बदलली. नव्या पडद्यावर सारखे दिसणारे दोन सांकेतांक तो उलटसुलट टाकू लागला. तेव्हा मॅडमना फोन केला आणि त्यांनी आपुलकीने मार्ग सांगितला : सांकेतांकांचे रंगीत लेबल करून पडद्याच्या कडेला चिकटवायचे आणि बारकोड वाचक मागून घ्यायचा. मालकाने दोन्ही गोष्टींना मान्यता दिली. पण ही मदत त्यांच्या सौजन्याने मिळाली, सेवेचा भाग म्हणून नव्हे. अशा मुलांच्या नोकऱ्या टिकतात किंवा सुटतात त्या पहिल्या तीन महिन्यांत; तेवढ्या काळासाठी पंधरवड्यातून एक फोन आणि मालकाशी एक भेट शुल्कात धरली, तर शुल्क थोडे वाढले तरी पालक ते आनंदाने देतील असे मला वाटते.

डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलांसाठी ही सेवा कितपत उपयोगी आहे याबाबत मला शंका आहे. आमच्या गटातील अशा एका मुलीला आकड्यांऐवजी पुन्हा वाचन-लेखनाचेच उपाय दिले गेले; तिला वेळेचा अंदाज, पैशांची देवघेव आणि वेळापत्रक यांसाठी वेगळी तयारी हवी होती. प्रवेश घेण्याआधी अशा पालकांनी संस्थेला हे स्पष्ट विचारावे. बाकीच्यांनी मार्गदर्शक कोण असेल, चाचणी कोणत्या भाषेत आणि किती वेळात होईल, आणि नोकरीनंतर संपर्क राहील का, हे तीन प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारावेत. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात आणि जागा लवकर भरतात. मुलाने अठरा वर्षे पूर्ण केली असतील तर प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याआधीच, बारावीचा निकाल लागताच करून ठेवावा, म्हणजे तपासणीची तारीख आणि मार्गदर्शनाचे तास एकमेकांच्या आड येणार नाहीत.